व्हॉल्व्हचा आवाज

नानांच्या दिवाणखान्यात माणसांपेक्षा जुने रेडिओ आणि टीव्हीच जास्त, आणि मानही त्यांनाच. त्यातला कपाटाएवढा, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा लाकडी रेडिओ तर घरचा जावईच. काकूंनी त्यावर नुसतं फडकं फिरवलं तरी नाना अंगावर धावून जायचे. गेल्या महिन्यात या जावयाने कायमची मान टाकली, तेव्हा नानांनी गुपचूप नातीचा पिटुकला ब्लूटूथ स्पीकर त्याच्या पोटात दडवला.

आज संग्राहक मंडळाचे अध्यक्ष खास तो रेडिओ ऐकायला आले. त्यांचा कान म्हणजे मंडळात शेवटचा शब्द. गाणं सुरू होताच त्यांनी डोळे मिटले.

"याला म्हणतात व्हॉल्व्हचा आवाज, वहिनी! हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डबड्यांना सात जन्मांत जमायचा नाही."

"कळायलाही तसा कान लागतो," नानांनी री ओढली.

तेवढ्यात रेडिओच्या पोटातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "बॅटरी संपत आली आहे. कृपया चार्ज करा."

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. काकू छताकडे बघू लागल्या.

अध्यक्षांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.



"घाबरू नका नाना, अजून वीस मिनिटं चालतो. माझ्या सेटमध्येही हीच बाई आहे."