न घेतलेलं नाव

"यांचं नावच आठवेना गं," कुमुदकाकू कानामागच्या स्मृतिचिपवर बोट ठेवून म्हणाल्या. 'हे' शेजारीच बसले होते.

ऋजुता चपापली. चिपमधली जागा भरली की ज्याचा उच्चार सर्वांत कमी, तो शब्द आधी पुसायचा, हा नियम तिनेच लिहिला होता. काकू तर नवऱ्याला जन्मभर 'अहो'च म्हणत आल्या होत्या.

तिने चिपमध्ये नाव पुन्हा भरलं. "आता रोज मोठ्यानं घ्या, काकू. नाहीतर पहिलं तेच पुसलं जाईल."

"अगं बाई, हे इथंच बसलेत की!"

"घे गं एकदा," पद्माकरराव काकुळतीला आले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. ऋजुताने नियमच बदलायला घेतला. पण मनातल्या मनात घेतलेलं नाव यंत्राने मोजायचं कसं, हे तिला काही केल्या सुचेना.