खांबाची उंची

संग्रहालयाच्या डिजिटल चित्रसंग्रहात बाबांच्या जुन्या स्लाइड्सची भर घालायचं काम नेमकं तिच्याकडेच आलं. बाबा वास्तुकलेचे निवृत्त प्राध्यापक. इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ते प्रत्येक फोटोत आईला शेजारी उभं करायचे, तेही पाठमोरं. चेहरा दिसला की लोक इमारत सोडून माणूसच बघत बसतात, हे त्यांचं ठाम मत. आई पाच फूट, असं धरून बाकीची मापं काढायची.

नोंदी भरता भरता ती एका जागी अडली. "बाबा, हा एकच खांब तुम्ही दहा-दहा वर्षांनी तीनदा टिपलाय. उंची लिहिलीय आधी पंधरा फूट, मग सोळा, मग साडेसोळा. दगडाला पालवी फुटली की काय?"

बाबा उखडलेच. "माझं माप कधी चुकलेलं नाही. तुझी आई जाईपर्यंत पाच फूटच होती. लाव तिन्ही फोटो शेजारी शेजारी!"

तिने लावले. खांब होता तेवढाच होता. बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा पाहिलं.



"कधीपासून गं वाकायला लागली होती ही?"