गाडीच्या कानावरची खूण

केवळाबाई गाडीखाली शिरली, तेव्हा भुजंग मिस्त्रीनं तिला अडवलं नाही. देवगाव फाट्यावर त्याच्या पत्र्याच्या छपराखाली जी गाडी दुरुस्तीला येई, तिच्याखाली ही धनगराची बाई शिरतच असे. तीन वर्षं झाली. लोक तिला खुळी म्हणत. म्हणायला लोकांचं काय जातं!

आजची गाडी किशनरावांची होती, मागं उघडा हौदा असलेली जुनी पिकअप. निवडणूक तोंडावर आली होती आणि किशनराव उभे होते, तेही रझाकारांशी लढलेले वीर म्हणून. खरे लढले ते मेले, नाहीतर घरी गप्प बसले. निजाम शरण आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या छत्र्यांसारखे जे उगवले, त्यातलेच हे एक. प्रचारासाठी गाडीला पांढरा रंग द्यायचा होता, नवी पाटी करायची होती. पाटीवरचा नंबर बघायला त्यांनी गाडीचा जुना कागद भुजंगकडं दिला होता.

"खाली कोण हाय रे ती?" किशनराव बाजेवरून ओरडले. "हाकल तिला."

"असू द्या, मालक. खूण बघती अन् जाती."

पण ती गेली नाही. खालून तिचा आवाज आला, "मिस्त्री, हे जरा पुसून दे."

भुजंग वाकला. डाव्या चाकामागं चेसीच्या लोखंडी पट्टीवर वंगणाचा आणि मातीचा थर बसला होता. त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला, तसा लोखंडात ठोकलेला नंबर वर आला. केवळाबाईनं आपला हात त्याच्याशेजारी धरला. हातावर गोंदलेलं होतं. एक काठी, एकावर एक दोन कडी, एक विळा, पुन्हा काठी, आणि वर शेपूट असलेलं कडं. भुजंगनं आधी पट्टीवरचं वाचलं, मग हातावरचं. एक आठ सात एक सहा. दोन्हीकडं तेच होतं.

"आखाडातली पहाट होती," केवळाबाई म्हणाली. "रझाकार तोंडाला फडकी बांधून आले. मेंढरं ह्या गाडीत कोंबली. मी गाडीखाली पडून होते, ही खूण नाकासमोर होती. माजा माणूस मेंढरांमागं पळाला, तर त्यालाबी वर घेतलं."

तिनं ती खूण आधी कोळशानं भिंतीवर काढली होती. भिंत सारवायची वेळ आली, तेव्हा सेलूच्या बाजारात गोंदणारणीकडून हातावर घेतली. मेंढराच्या कानाला काप दिला की ते कुणाच्या कळपातलं ते कळतं. हा गाडीच्या कानाचा काप, एवढंच तिला ठाऊक. चार शिकलेल्या माणसांना तिनं हात दाखवून विचारलं होतं, ह्यात मालकाचं नाव काय लिहिलंय? ते पोट धरधरून हसले होते. नंबरात कुठं नाव असतं का, बाई!

ती बाहेर आली. "कुनाची गाडी ही?"

किशनराव उठले. "माजी. परवाच्या साली लिलावात घेतली. आधी कुनाची होती ते मला काय ठाव?"

भुजंग उर्दू शाळेत चार इयत्ता शिकला होता. त्यानं खिशातला उर्दू कागद काढून उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मालक, ह्यात हाच नंबर हाय. कागद छप्पन फसली सालचा. पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधीचा. नाव किशनराव वलद चंद्रभान, म्हंजे तुमचंच."

किशनराव डगमगले नाहीत. असली माणसं डगमगत नसतात. एक खोटं पडलं की दुसरं हाताशी तयार असतं.

"मग? होतीच माजी. रझाकारांनी दारातून वढून नेली. तुजी मेंढरं गेली, तशी माजी गाडी गेली. आमाला काय कमी जाच झाला त्यांचा?"

केवळाबाई त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माजी मेंढरं आली न्हाईत," ती म्हणाली. "माजा माणूस आला न्हाई. त्यांनी नेलेलं साऱ्या मुलखात कुनाचं काई परत आलं न्हाई. तुमची गाडी तेवढी दारात परत कशी आली, किशनराव?"

किशनराव भुजंगकडं वळले. "भुजंग, कानस घे. तो नंबर घासून टाक."

"ते माज्यानं व्हायचं न्हाई."

"मग परभणीत करून घेतो. सरक बाजूला."

छपराखालची जागा किशनरावांच्या मेहुण्याची होती. भुजंगला ते ठाऊक होतं. त्यानं पाना उचलला आणि पुढच्या चाकाचा पहिला नट सैल केला. किशनराव शिव्या देत होते, छप्पर उद्याच्या उद्या उपटतो म्हणत होते. भुजंगनं चाक उतरवून छपरापलीकडं ढकललं. मग दुसऱ्या चाकाला हात घातला.

"मावशी, पदर धर," तो म्हणाला.

नवरा आहे की गेला हे कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून गावच्या बायकांनी तीन वर्षं केवळाबाईची ओटी भरली नव्हती. तिनं पदर पसरला. भुजंगनं दोन्ही चाकांचे नट ओंजळीनं त्यात घातले.

"जा सेलूच्या ठान्यात. पोलिसांना घेऊन ये, तवर गाडी हितंच हाय."

केवळाबाईनं ओटी कमरेला गच्च बांधली आणि ती सेलूच्या रस्त्याला लागली. पावलागणिक लोखंड वाजत होतं.