चौथं वर्ष

त्या ऑल-इन-वन कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या हवेच्या फटी जेमतेम दोन मिलिमीटरच्या होत्या. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेल्या बाबांनी त्यांवरून नख फिरवलं, पण बोलले काहीच नाहीत. मला शंका आली. साधी इस्त्रीसुद्धा ते उघडून बघितल्याशिवाय घेत नसत. हृदयाच्या ऑपरेशनबद्दलही ते चार महिने असेच गप्प होते. डॉक्टरांनी ऑपरेशनशिवाय फार तर तीन वर्षं सांगितली होती.

"काका, फक्त रॅम आतच पक्की बसवलेली आहे," विक्रेता म्हणाला. "पुढे वाढवता येणार नाही."

"चालेल," बाबा म्हणाले.

"आणि पडदा बिघडला तर?" मी विचारलं. "अख्खा कॉम्प्युटर अडकून पडेल, बाबा."

"पडू दे गं."

ते भांडतच नव्हते.

"तुम्ही निर्धास्त राहा, काका. तीन वर्षं काही बघायला नको."

"तीनच?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग चौथ्या वर्षी काय, याच्यावर कुंडी ठेवू? दुसरा दाखवा, उघडता येणारा."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आणि तू डॉक्टरांना फोन लाव. ऑपरेशनची तारीख घेऊन टाक."