पाळीवरचा कचरा

नागपूरची टीना आपल्या ग्रुपसोबत कालव्याच्या बांधावरून, नहराच्या पाळीपाळीने चोरखमाऱ्याच्या तलावाकडे पायी निघाली होती. ग्रुपचा नियम एकच, वाटेत दिसेल तो कचरा उचलायचा. एका पळसाखाली मात्र तिचा पाराच चढला. अंगठे तुटलेल्या, झिजलेल्या चपलांचा ढीग आणि गाठी मारलेल्या मळकट कॅरीबॅगा! एक उचलली तर हाताला काहीतरी लिबलिबीत लागलं आणि लसणाचा उग्र दर्प थेट नाकात शिरला.

“छी! एवढी सुंदर जागा, आणि या लोकांनी पार उकिरडा करून टाकलाय. लाज कशी वाटत नाही?”

नाक मुरडत तिने ते सगळं पोत्यात कोंबलं आणि पुढच्या पुलावर थांबलेल्या कचरागाडीत टाकून दिलं. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात लांबच्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी करणाऱ्या बाया हाका मारत पाळीवर धावत आल्या. सगळ्या अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या.

पुढे असलेली सुलोचनाबाई धापा टाकत म्हणाली,


“चपला गेल्या तं गेल्या मॅडम, पन त्या थैल्यायमंदी आमचं जेवन होतं.”