वहीतल्या ओव्या

आईचं बारावं झालं आणि मडमेने मला बंगल्यावर बोलावलं. तिचा नवरा लोणावळ्याला इंजिन ड्रायव्हर होता. आईने ओव्या गाऊन तिची पोरं नऊ वर्षं निजवली होती.

“हे ऐक,” म्हणत ती पियानोवर बसली. शब्द तिच्या स्कॉटलंडचे, चाल माझ्या आईची.

“आमच्या जुन्या पुस्तकात या गाण्याचे नुसते शब्द छापलेत. चाल कुणी टिपलीच नाही, ती मेली. मग मिळेल ती लावायची. तुझ्या आईची किती छान बसली, बघ!” तिच्या ओठाला केकचा चुरा चिकटला होता. मला किळस आली. चहाही न घेता मी उठले.

“मेलेल्या बाईचं लुगडं नेसावं, तसं वाटलं,” घरी मी आत्याला म्हणाले आणि वही काढली. शाळेत शिक्षिका झाल्यापासून आईच्या ओव्या मी तीत उतरवत होते. दोनशे अकरा ओव्या, एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.

“वही ऱ्हाऊ दे गं,” आत्या म्हणाली. “वैनीच्या चालीत येक म्हनून दाव. आमच्या औंढं गावाची चाल येगळी, तिची म्हायेरची आमाला कवा जमलीच न्हाई.”

मी तोंड उघडलं. शब्द सगळे आले. चाल मला ओळखता येत होती, गाता येत नव्हती.

 

दुसऱ्या दिवशी मडमेने केक पुढे केला. तो मुकाट्याने गिळून मी म्हणाले, “ते गाणं पुन्हा म्हणा.”