गोधडीचा खिसा

पाचही टीशर्ट गोधडीच्या पोटात गेले, त्यातल्या एकाचा खिसा तेवढा कोकिळाच्या हातात उरला. तो तिला टाकवेना आणि लाववेना.

"दे फेकी," सुईत दोरा ओवता ओवता तिची थोरली जाऊ तानुबाई म्हणाली. "गाडीना टाइम व्हई गया."

चारच्या गाडीने सुरतेहून कोकिळाची याहीन, लेक दिपमालाची सासू, येणार होती. बाळंतपणाला आलेली लेक आणि तीन महिन्यांची नात, दोघी उद्या तिच्याबरोबर जाणार. म्हणून ही गोधडी. तीही आठ दिवस तानुबाईच्या घरात बसून, लेकीपासून चोरून शिवलेली.

टीशर्ट कोकिळाच्या नवऱ्याचे, नवलचे. एक कपाशीच्या बियाण्यावाल्याने दिलेला, दोन ठिबकवाल्याचे, एक सिमेंटवाल्याचा, एक कुठल्याशा खताचा. विकतचा टीशर्ट अंगाला चावतो म्हणायचा गडी. अक्षय्यतृतीयेची आखाजी झाली आणि आठच दिवसांत तो गेला. त्याचे सगळे कपडे देऊन टाकले, असं कोकिळाने गावभर सांगितलं आणि हे पाच पेटीच्या तळाशी दडवले. सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या दिपमालाने आल्याआल्या तेच विचारलं होतं. "एक तरी ठेवाले पाह्यजे व्हता व माय." पोटुशीच्या हाती मेलेल्याचं वस्त्र देऊ नये, हे कोकिळाला चार बायांनी बजावलेलं. ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं तिला तेव्हापासून रोज डसत होतं.

गोधडीचं ऐकून तानुबाईही आधी उखडलीच होती. "मरेल माणूसना कपडा तान्हा लेकरूले? तुनी याहीन दारमाच टाकी देई!"

"मझारमा घालसू. वर नवं कापड. कोनले काय समजनार शे?"

तानुबाई पुटपुटत राहिली, पण पहिली सुई तिनेच हातात घेतली. टीशर्टाचं कापड मुलखाचं हट्टी. ओढलं की ताणत जातं, सोडलं की आखडतं. पहिली ओळ नागमोडी गेली, ती सगळी उसवावी लागली. मग तानुबाईने जुन्या धोतराच्या फडक्यांवर एकेक टीशर्ट टाचून घेतला, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला.

"नवल भी असाच व्हता," ती म्हणाली. दोघी जावा किती तरी दिवसांनी हसल्या.

आता राहिला होता हा खिसा. बाजारच्या दिवशी नवल अमळनेरहून यायचा तो लेकीसाठी खिशात गोडीशेव घेऊन. एक हात सायकलच्या हँडलवर, दुसरा खिशावर, खड्ड्यात सांडायला नको म्हणून. लेक सासरी गेली तरी तिच्या येण्याच्या दिवशी तेच, या खिशातून. गुळाचा डाग अजून कापडात होता. खिशावरचा तो हात कोकिळाला या घडीला हवा होता, बाकी जगातलं काही नको.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि तिने तो खिसा गोधडीच्या कोपऱ्यावर वरच्या बाजूने शिवून टाकला. तानुबाईने कपाळाला हात लावला.

विहीण लताबाई आली. तीस वर्षं सुरतेत काढली, तरी बोली गावचीच आणि नजरही. कोकिळाने चहा दिला, बशीत गोडीशेव दिली आणि द्यायच्या वस्तू सतरंजीवर मांडल्या. लताबाईने पाळण्याच्या कड्या ओढून पाहिल्या, वाटी बोटाने वाजवून पाहिली. मग गोधडी चिमटीत धरली.

"जाड शे. मझार काय घालं?"

"जुनंपानं," कोकिळा म्हणाली.

"आनि हाऊ खिसा कसाना? गोधडीले खिसा!"

कोकिळाने पाळण्याच्या कड्या पुन्हा नीट मांडल्या. तानुबाई दारातल्या शेळीकडे बघत बसली, जणू शेळी आजच घेतलीय.

तेवढ्यात दिपमाला बाळाला खांद्यावर घेऊन पुढे आली. ती कोपऱ्यातल्या खिशाकडे बघतच राहिली. बाळ तिने तानुबाईच्या हाती दिलं, खाली बसली आणि तिची दोन बोटं खिशात गेली. लहानपणापासून बापाच्या खिशात जात होती तशीच.

खिसा रिकामा होता. बोटं मात्र तिने बाहेर काढली नाहीत. दुसऱ्या हाताने ती गोधडी दाबून बघू लागली, एकेक थर, एकेक शिवण.

"माय," एवढंच म्हणाली ती, आणि तिचे डोळे वाहू लागले.

लताबाईने सुनेच्या बोटांकडे पाहिलं, मग विहिणीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. तिला कळलं, हे सगळ्यांना कळलं. आता ही गोधडी बाजूला सारणार, एवढं कोकिळाने धरूनच ठेवलं होतं. परत घ्यायला तिने हातही पुढे केला.

लताबाईने आपल्या बशीतली गोडीशेव उचलली.

"लेकीले कोनी रिकामा खिसा देस का, याहीन?" ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने ती खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या फलाटावरून गाडी हलली तेव्हा बाळ सासूच्या मांडीवर होतं आणि गोधडी दिपमालाच्या. खिडकीच्या गजांतून ती आईला हात करत राहिली, पण एकच हात. दुसरा खिशावर होता.